ग्रुप कोणता घेतला?

उसाच्या पट्ट्यातली हुशार पोरं अकरावीला सगळ्यात आधी काय सोडत असतील, तर जीवशास्त्र. घरामागं ऊस, गोठ्यात जर्सी गाई, बांधावर गाजर गवत, उसाच्या मुळाशी हुमणी, आणि पोरगं ऐटीत सांगतं, "बायो ड्रॉप केलंय." बायफोकलची सोयच तशी आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स असा दोनशे मार्कांचा विषय घेतला, की दुसरी भाषा सुटते आणि जीवशास्त्रही सुटतं. दुसरी भाषा म्हणजे बहुतेकांची मराठी. एका अर्जात माय आणि माती, दोन्हींतून मोकळीक! बायफोकलच्या यादीत क्रॉप सायन्सही आहे म्हणा. पण ते घेतलं तर पाहुण्यांत तोंड कसं दाखवायचं? शेतीच करायची होती तर अकरावीची फी कशाला भरली, असं आजीच विचारेल.

बारामती-इंदापूर भागात हल्ली लग्नात, सावडण्याला, जागरण-गोंधळाला, कुठंही गेलात तरी दहावी झालेल्या पोराला एकच प्रश्न असतो. "ग्रुप कोणता घेतला?" पूर्वी गोत्र विचारायचे, आता ग्रुप विचारतात. पीसीएम म्हटलं की इंजिनिअर, पीसीबी म्हटलं की डॉक्टर. आणि एखादा बाप शर्टाची कॉलर नीट करत म्हणतो, "आम्ही दोन्ही ग्रुप ठेवलेत." दिवाळीपर्यंत त्यातला एक गळतो, हे त्यालाही ठाऊक असतं. पण चार महिने तरी दोन्ही पागोटी डोक्यावर मिरवता येतात.

परिणाम काय? ज्यानं जन्मभर रक्ताच्या रिपोर्टांतले आकडे वाचायचे, त्यानं दहावीनंतर गणिताला शिवायचं नाही. आणि ज्यानं धरण बांधायचं, त्यानं मासा श्वास कसा घेतो हे विचारायचं नाही. दोघांनीही मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायचा नाही. सोळाव्या वर्षी आपण पोरांच्या डोक्याच्या वाटण्या करतो, आणि सात-बारावर एकेक तुकडा चढवून मोकळे होतो.

आता कुणी म्हणेल, असं कसं? प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकावर तर 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' छापलेलं असतं! असतंच. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर सर्वांगीण विकास, तिसऱ्यावर फीचा तक्ता. तीन पानांतलं एकच पान पालक नीट वाचतात, आणि ते दुसरं नसतं.

सर्वांगांपैकी काही अंगांना मार्क आहेत, तेवढ्यांचा विकास जोरात चालतो. चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणून आठवी-नववीत घरोघरी एलिमेंटरी, इंटरमिजिएटचं स्थिरचित्र रंगतं. दहावीचा निकाल लागला की पोस्टर कलरचा डबा माळ्यावर. खेळाचं तेच, लोककलेचं तेच. लेझीमही आता गुणपत्रिकेच्या तालावर वाजते. शाळेत तर आनंदाचाही वार ठरलाय. २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. आनंद झाला का, हे पुढचं. फोटो अपलोड झाला का, हे आधी. सोबत 'समग्र प्रगती पत्रक' नावाची गोष्ट आली आहे. मूल समग्र झालं की नाही कुणास ठाऊक. पत्रक भरता भरता गुरुजी मात्र समग्र दमले.

मग कॉलेजला नवं शैक्षणिक धोरण आलं. धोरण २०२० चं. महाराष्ट्रात आधी स्वायत्त कॉलेजांत आणि मग बाकीच्यांत उतरलं. हेतू उत्तम, यात वाद नाही. विज्ञानाच्या पोरानं साहित्य वाचावं, वाणिज्याच्या पोरीनं पर्यावरण शिकावं, सगळ्यांनी हातानं काहीतरी करावं. पण आपल्याकडं हेतू मंत्रालयातून निघाला की विद्यापीठात त्याचा तक्ता होतो आणि कॉलेजात पोचेपर्यंत त्याचा नुसता रकाना उरतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. एवढी आद्याक्षरं पाठ केली तरी दोन क्रेडिट द्यायला हरकत नाही. पंधरा तासांचा एक क्रेडिट. सत्राला वीस-बावीस गोळा करायचे. पोरं हुशार आहेत. ओपन इलेक्टिव्ह निवडताना ती विचारतात, "पेपर एमसीक्यू आहे का?" आणि शिकवणार कोण? तर ज्यांचा कार्यभार कमी पडतो ते, किंवा तासिका तत्त्वावरचे. हे तासिका तत्त्व म्हणजे मोठी गंमत आहे. नेट-सेट झालेला, पीएच. डी. झालेला माणूस तासावर पगार घेतो आणि सुट्टीत रानात जातो. सर्वांगीण शिक्षणाचा सगळा भार ज्याच्या पाठीवर, त्याला मे महिन्याचा पगार नाही. त्याच्याइतकं सर्वांगीण जगणं कुणाच्या वाट्याला येत असेल?

रुंद शिक्षण कसं असतं, ते बघा. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्रासाठी. पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, सगळ्या वर्गांत जाऊन बसले. ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध त्यांनी वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. 'मिस्टर आंबेडकर, हा तुमचा मायनर आहे, दोनच क्रेडिट मिळतील,' असं त्यांना तिथं कुणी सांगितलं नाही, हे आपल्या सगळ्यांचं नशीब.

बारामतीत शिक्षणाचं काय नाही? १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान. इंजिनिअरिंग आहे, फार्मसी आहे, कायदा आहे, शेतीचं आहे, २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ज्यांच्या आज्यानं दुष्काळात खडी फोडली त्यांच्या नाती इथं जैवतंत्रज्ञान शिकतात, आणि याचं मोल कमी लेखणाऱ्याला या भागाचा दुष्काळ ठाऊक नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. रुंदी गावाला आली, पोराला आली नाही. आठ कॉलेजं एका गावात असली म्हणून एका पोराच्या डोक्यात आठ विषय शिरत नाहीत. फार्मसीचा विद्यार्थी कायद्याच्या ग्रंथालयात गेला तर शिपाई ओळखपत्र विचारतो. बरोबरच आहे, त्याचं कार्ड दुसऱ्या रंगाचं असतं!

आणि हे बघा, गंमत सोडून एक गोष्ट सांगतो, जी एकाही समितीच्या अहवालात येत नाही. सर्वांगीण विकासाचा खरा कुलगुरू म्हणजे एसटी स्टँडावरचा कंट्रोलर. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीची, लासुर्ण्याची, बावड्याची पोरगी एसटीनं कॉलेजला येते. बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट. सरकारनं केलेल्या मोजक्या शहाण्या गोष्टींतली ही एक. पण नाटकाची तालीम संध्याकाळी पाचला सुरू होते आणि तिची गाडी साडेपाचला सुटते. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. त्यात कोण उतरतं, तर ज्यांना रात्री दहाला घरी पोचवायला बापाची मोटरसायकल आहे ते. वक्तृत्व, वादविवाद, ट्रेकिंग, पक्षी बघणं, ग्रंथालयात उगाच बसून राहणं, या सगळ्याला लागतो मोकळा वेळ, आणि मोकळा वेळ गावात खोली घेऊन राहणाऱ्याकडंच असतो. गाडी चुकली तर पोरीचं शिक्षणच बंद व्हायची धास्ती. तिला ओपन इलेक्टिव्हचे सतरा पर्याय देण्यापेक्षा साडेसातची एक जादा गाडी द्या. तेवढ्यानं जितका सर्वांगीण विकास होईल तितका दहा शासन निर्णयांनी होणार नाही. पण गाडीचं उद्घाटन करताना भाषणाला वेळ कमी मिळतो, ही अडचण आहे खरी.

हीच पोरं पुढं काय करतात, ते बघायला बारामतीतली कुठलीही अभ्यासिका चालेल. महिन्याला फी भरून खुर्ची, प्लग, पंखा. बी. ई. झालेले, बी. फार्म. झालेले, बी. एस्सी. ॲग्री झालेले एका रांगेत बसून काय वाचतात? इतिहास. भूगोल. राज्यघटना. अर्थव्यवस्था. पर्यावरण. विज्ञान. आणि हो, मराठी! सोळाव्या वर्षी जे जे 'स्कोअरिंग नाही' म्हणून सोडलं, ते बाविसाव्या वर्षी पैसे मोजून परत घेतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर किती आंदोलनं झाली, आठवतंय? भीती साधी होती. गोल काळे करायची सवय झालेल्या हाताला दोन पानं सलग लिहायची होती. आजमितीला महाराष्ट्रात सर्वांगीण शिक्षणाचा आग्रह मनापासून धरणारी संस्था एकच, तिचं नाव लोकसेवा आयोग. आणि तीही जागा काढते मोजक्याच.

एवढं सगळं ऐकल्यावर तीन एकरवाला बाप म्हणतो, "साहेब, हे पोट भरलेल्यांचं शिक्षण. नाटकं, पक्षी, कविता. आम्हाला पोरगं एकदा चिकटलं पाहिजे." बापाला हसू नका. त्याचा हिशोब त्याच्या जागी पक्का आहे. पण दोन गोष्टी त्याला कुणी सांगितलेल्या नाहीत.

पहिली. २०२४ साली देशभरातून २३ लाखांवर मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. उरलेल्या बावीस लाखांचं काय? दोन वर्षं त्यांनी दुसरं काही वाचलेलं नाही, खेळलेलं नाही, बघितलेलं नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा एवढंच येतं, आणि पुढ्यात तर पर्यायच नसतात. एकाच नंबरवर सगळे पैसे लावणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते बापाला मी सांगायला नको.

दुसरी. हे पोट भरलेल्यांचं शिक्षण नाहीच. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. कुणब्याच्या पोरासाठी काय मागितलं? मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे धडे. नोकरीपुरतं दोन ओळी खरडायला शिकवा, असं ते म्हणाले नाहीत. स्वतः जोतीराव शेती करत, सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत, शाळा चालवत आणि ग्रंथ लिहीत. रुंद शिक्षणाची गरज सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्याला कुलकर्णी, सावकार आणि कचेरी तिघंही फसवू शकतात त्याला. हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि पोराला विचारतो, ग्रुप कोणता?

बापाच्या पोराला निदान अरुंद शिक्षण तरी मिळतं. त्याच्याच उसाच्या तोडीला मराठवाड्यातून आलेल्या टोळीची पोरं फडाच्या कडेला वाढं गोळा करत असतात. साखरशाळा कधी असते, कधी नसते. त्यांना रुंद नको नि अरुंद नको, शाळेचं दार पुरे.

सगळं एकाच गोष्टीवर लावलं की काय होतं, याबाबत बारामती-इंदापूरची मातीच बोलकी आहे. फुल्यांनी ते निवेदन दिलं त्याच दशकात नीरा डावा कालवा आला. कालव्यामागून ऊस आला. आणि ऊस आल्यावर काही वर्षांतच चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. १९१० साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यानं नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका छापली. लेखक दोन. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे. दुखणं कालव्याखालच्या कुठल्याही म्हाताऱ्याला तोंडपाठ आहे. पाणी भरमसाट, निचरा नाही, म्हणून खालचा क्षार वर. शिक्षणातही आपण हेच केलंय. एकच पीक, त्याला हवं तेवढं पाणी, आणि निचऱ्याला चर म्हणून नाही.

पण मला या गोष्टीत जास्त रस आहे तो मॅन साहेबांत. हा माणूस मुळात रसायनशास्त्रज्ञ. आधी चहाच्या मळ्यांवर काम केलं. १९०७ पासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य. मातीचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत बसला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण त्याच्या लक्षात आलं असावं की मातीचं दुखणं नुसतं मातीत नसतं. तो पुण्याजवळच्या एका खेड्यात शिरला. गावाचं नाव पिंपळे सौदागर. कुणाची जमीन किती, किती तुकड्यांत, कर्ज किती, व्याज किती, घरात खाणारी तोंडं किती, सगळं टिपलं. जुने कागद काढून १७७१ पर्यंत मागं गेला, आणि त्या साली सरासरी ४० एकर असलेली खातेदाराची जमीन १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचं दाखवलं. १९१७ साली ते पुस्तक झालं. भारतातल्या खेड्यांच्या आर्थिक पाहणीचा अभ्यास करणारे आजही तिथून सुरुवात करतात. (पिंपळे सौदागरात आता एकराची भाषा कुणी बोलत नाही, स्क्वेअर फुटाची बोलतात. पण कर्ज घराघरात आहेच.)

मॅन साहेब आज आपल्याकडं नोकरीला असते तर काय झालं असतं? "सर, तुमचं स्पेशलायझेशन केमिस्ट्री. इकॉनॉमिक्सचा कार्यभार तुम्हाला कुणी दिला? आणि हे पुस्तक तुमच्या विषयातलं नसल्यानं पदोन्नतीला धरता येणार नाही." साहेब निमूटपणे बाटल्यांकडं परतले असते.

आता त्याच खोऱ्यात उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावलीय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं केलेल्या या प्रयोगाचा २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी जाहीर उल्लेख केला, तेव्हा अख्ख्या तालुक्याची मान ताठ झाली. व्हावीच. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वरून उपग्रह, आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप. आज पाणी देऊ नका. आता गोम इथं आहे. मोबाईल म्हणतो आज पाणी देऊ नका, आणि कालव्याचं आवर्तन आजच आलेलं असतं. आज घेतलं नाही तर पुढची पाळी कधी, ते पाटकरीही छातीठोक सांगत नाही. मग शेतकऱ्यानं काय करायचं? हा प्रश्न कॉम्प्युटर सायन्सचा की वनस्पतिशास्त्राचा? पाटबंधारे कायद्याचा की तालुक्याच्या राजकारणाचा? कुठल्याही एका ग्रुपवाल्याला विचारा, तो म्हणेल, "आउट ऑफ सिलॅबस!"

बापानं कविता मोडीत काढली खरी, पण कवींबद्दल विचारलंत तर बारामतीकर मोरोपंतांचं नाव काढतात. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेला हा कवी बारामतीत रमला तो बाबूजी नाईकांच्या आश्रयानं. नाईक म्हणजे बडे सावकार. सावकारानं कवी पदरी ठेवला, हे लक्षात घ्या. या कवीनं १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. त्यातल्या एकात ओठ टेकणारं अक्षरच वापरायचं नाही अशी अट स्वतःवर घालून घेतली. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! आजच्या संस्थाचालकाकडं तो गेला तर त्याला विचारतील, "प्लेसमेंट किती टक्के?"

असं रुंद शिकलेली माणसं अजून आहेत, पण ती भलत्या ठिकाणी. उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला गर्दी होते. तिथल्या होडीवाल्यांशी बोलून बघा. बापजाद्यांचा धंदा मासेमारी. पण पाहुण्यांना फिरवता फिरवता त्यांना पक्ष्यांची नावं मराठीत पाठ झालीत, इंग्रजीत पाठ झालीत. कुठल्या पाण्यात चिलापी, कुठं मरळ, हे ठाऊक. धरण किती टक्क्यांवर आलं, किती टीएमसी सोडलं आणि ते कुणाच्या सांगण्यावरून सोडलं, हेही ठाऊक. पाणी किती उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ दिसतं, ते ठाऊक. ऊन कुठून आल्यावर फोटो चांगला येतो आणि कुठल्या गिऱ्हाईकाला काय सांगितलं की ते दुसऱ्या वर्षी पुन्हा येतं, तेही ठाऊक. प्राणिशास्त्र, जलव्यवस्थापन, इतिहास, छायाचित्रण, पर्यटन, परकी भाषा आणि मानसशास्त्र. क्रेडिट मोजायला बसलात तर पदवीच द्यावी लागेल. सुदैवानं त्यांना कुणी ग्रुप विचारला नव्हता.

तिथून पुढं वालचंदनगर. कॉलेज अर्धवट राहिलेल्या वालचंद हिराचंदांनी बोगदे खणले, जहाजं काढली, विमानाचा कारखाना उभा केला, मोटारी केल्या, आणि इंदापूर तालुक्यात माळरानावर साखर. त्या साखरेच्या गावात साखर कारखान्याची यंत्रं बनवता बनवता पुढं इस्रोच्या रॉकेटांची केसिंग बनू लागली. ऊस ते अवकाश, एकाच गेटाच्या आत. पण त्या गेटावरून रोज एसटीनं जाणाऱ्या पोराला ही गोष्ट कुठल्या तासाला सांगतात? कुठल्याच नाही. ती परीक्षेला येत नाही.

असो. आता कामाचं.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, रेड्याचा नीरा-भीमा. तुम्ही ज्याचे सभासद असाल त्या कारखान्याचा वार्षिक अहवाल सर्वसाधारण सभेआधी तुमच्या घरी येतो. गुळगुळीत कागद, पहिली चार पानं फोटो. त्याच्या पुढची पानं कुणी वाचत नाही. सभेत 'मंजूर, मंजूर' होतं आणि माणसं जेवणाकडं वळतात. त्या मागच्या पानांत काय असतं? साखर उतारा, म्हणजे रसायनशास्त्र. एफआरपी, म्हणजे अर्थशास्त्र. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये, ते १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यापुढं प्रत्येक दशांशाला किती, ते गणित. त्यातून तोडणी-वाहतूक किती वजा झाली, म्हणजे हिशोब. टोळीला उचल किती दिली, म्हणजे समाजशास्त्र. इथेनॉलला किती रस गेला, म्हणजे दिल्लीचं धोरण. ताळेबंद, लेखापरीक्षकाचे शेरे, सहकार कायद्याची कलमं आणि पोटनियमातली दुरुस्ती. आणि हे सगळं अशा मराठीत, जी समजायला मराठी यावी लागते. तुमच्या टनाला किती मिळणार ते ज्या पानावर लिहिलंय, ते वाचायला कुठलाच एक ग्रुप पुरत नाही. आणि जोवर ते पान कुणाला वाचता येत नाही, तोवर अहवाल लिहिणाऱ्यांची झोप शांत आहे.

तेव्हा यंदा अहवाल आला की तो शिकलेल्या पोराच्या, पोरीच्या हातात द्या. बी. ई. असो, बी. फार्म. असो, दोन्ही ग्रुपवाला असो. एक रात्र द्या. सकाळी विचारा, आपल्याला टनाला एवढेच का मिळाले? नीट सांगितलं तर त्याला सभेत पहिल्या रांगेत बसवा आणि माईक हातात द्या. सांगता आलं नाही, तर पोराला बोलू नका. फीच्या सगळ्या पावत्या पिशवीत घाला आणि ज्या संस्थेनं सर्वांगीण विकासाचे पैसे घेतले, तिच्या कार्यालयात जाऊन बसा.